कोरड्या साच्यातलं पाणी

मी थापा मारते, हे जवळा बाजार गावात शेंबड्या पोरालाबी ठाव हाय. पण हे घडलं तसंच सांगते.

माझी नात पुनम मूर्तिकाम शिकून आली. तळ्यावरच्या मच्छीमार सोसायटीनं तिला कांशाचा मासा करायला सांगितला. तिचं पयलंच मोठं काम. तळ्यातलाच गाळ आणून तिनं पत्र्याच्या शेडात तीन हात लांब मासा घडवला. आत सळया, तारा, वरून माती. एकेक खवला चमच्याच्या दांड्यानं उठवला.

"आजी, मेण आणायला नांदेडला चालले. दोन दिवस माशावर गुंडाळलेल्या ह्या पोत्यांवर पाणी मारत राह्य. मासा वाळला की तडकला."

"जा गं. तुला न्हाऊ घातलंय मी, ह्याला न्हाई घालणार?"

अन् मी शेडाला कुलूप लावून भाचीच्या डोहाळजेवणाला नरसीला गेले!

दुसऱ्या दिशी दुपारी परतले. एप्रिलचं ऊन. वाटलं, मासा भेगाळला. किल्ली माझ्याच कमरंला होती. कुलूप काढलं.

पोती निथळत होती. शेवाळाचा वास सुटला होता.

सांजेला पुनम आली, पोत्याला हात लावून हरखली. "आजी, रातभर जागलीस काय?"

"मंग!" मी म्हणलं.

त्या माशावरून मेणाचा मासा झाला. शेजारच्या ओतारी अल्लाबक्षभाईनं त्यावर त्याच गाळाचं जाड कवच चढवलं, तीन दिवस भट्टीत भाजलं. मेण वितळून गेलं, कवचाचा साचा झाला, आत पोकळी राह्यली. तिच्यात कांसं ओतायचं. साच्यात ओल असली तर रस उसळून अंगावर येतो. भाईंचा थोरला भाऊ असाच गेला. तवापासून ओतायच्या आधी साच्याला कान लावायची त्यांच्या घरची रीत. पण ठोकाठोकीनं भाईंचे कान आता मंदावलेत.

ओतायच्या सकाळी त्यांनी कान लावला. "ठणठणीत कोरडा हाय, अक्का."

मुशीत कांसं लाल झालं होतं. मीबी गमतीनं कान लावला.

आत पाणी हलून राह्यलं होतं. कडंकडंनं. कुणी वळसा घ्यावा तसं.

"ओतू नका भाई! आत पाणी हाय."

भाई हसले. "आज कोन्ता किस्सा, अक्का?"

"आजी, सोसायटीचे लोकं दुपारी येऊन राहिले," पुनम चिडली. "आज तरी थापा नको!"

भाईंनी मूस उचलायला चिमटा घेतला.

"पुनम, मी पोत्यांवर थेंब पाणी मारलं न्हाई. नरसीला गेलते. तुझ्याशी खोटं बोलले."

पुनमचं तोंड एवढुसं झालं.

भाईंनी चिमटा खाली ठेवला. "अक्कानं सोताची थाप कबूल केली? मंग पाणी बराबर असंल."

साखळीनं साचा बादलीवर कलता केला.

पाणी आलं. बादली भरली. भट्टीतनं काढलेला साचा, अन् पाणी बर्फावानी गार, तोच शेवाळाचा वास.

पाणी नितळ होतं. तळ दिसत होता. आत काहीच नव्हतं.

पुनमनं बोट बुडवलं.

"आजी," ती हळूच म्हणाली, "कोन तरी बोट चोखून राह्यलंय."

तिनं बोट काढलं न्हाई.