उतारासाठी जागा

प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर सायकल आडवी ठेवली होती. पुढचं चाक दुमडलं होतं. माल ठेवायची पेटी एका बाजूने पार चेपली होती आणि तिच्या फटीत घेवड्याचे चार-पाच दाणे अजून अडकून होते. डॉ. ऋता केळुसकर यांनी ते बोटाने काढले. कचऱ्यात टाकवेनात, म्हणून त्यांनी ते खिडकीत ठेवले.

"मॅडम, ही डिस्क बघा." अस्लम बागवानने मागच्या चाकावर दिवा धरला. संस्थेत ब्रेकच्या चाचण्या तो करत असे. "पोलाद निळं पडलंय. पॅडचा कोळसा झालाय. नळीतलं तेल उकळून त्याची वाफ झाली होती. बाईंनी दोन्ही हातांनी ब्रेक आवळला असेल, पण वाफ दाबून काय होणार?"

"हाताचा ब्रेक घाट उतरायला दिलेलाच नाही," ऋता म्हणाल्या. "तो अचानक थांबण्यापुरता. माणूस आणि माल धरून दोनशे किलो वजन निम्मा घाट खाली आलं, की दोन लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता सुटते. ती सगळी या बशीएवढ्या पत्र्यात गेली. खरं तर ती मोटरने घ्यायची."

ही भारसायकल त्यांच्याच संस्थेने घडवलेली होती, आणि तिचं सगळं वेगळेपण त्या मोटरमध्ये होतं. करंजमाळासारख्या उंच पठारांवरून माल खाली जातो आणि वर येताना सायकल जवळजवळ रिकामी असते. उतरताना मोटर उलटं काम करते. ती चाकाला अडवते आणि अडवता अडवता वीज तयार करून बॅटरीत भरते. ती वीज परतीच्या चढाला जवळजवळ पुरते. संस्थेने या पद्धतीला 'उतारभारण' असं नाव दिलं होतं. घाटच सायकलला वीज देत असल्यामुळे तिला प्लग ठेवलेला नव्हता. चार वर्षांत करंजमाळाच्या तीसेक बायकांनी या सायकलींवरून दूध, घेवडा आणि बटाटे घाटाखालच्या बाजारात पोचवले होते. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. दीड महिन्यापूर्वी एका सोमवारी सकाळी याच सायकलवरून उतरताना सारिका ढेबे अर्ध्या घाटात कठड्यावर आदळून मरण पावल्या.

"मोटर बिघडली असेल, असं मला वाटलं होतं," अस्लम म्हणाला. "पण काल चाचणीयंत्रावर लावली, तर उत्तम रोध देते. तारा शाबूत आहेत. तिचा नियंत्रकही ठीक आहे. मग मोटरने त्या दिवशी अडवलं का नाही?"

"बॅटरी उघडू या."

बॅटरीचं कवच मजबूत होतं आणि आतला एकही विद्युतघट फुटला नव्हता. अस्लमने मापक लावला, आकडा वाचला आणि पुन्हा लावला.

"पूर्ण भरलेली आहे."

"घाट उतरताना भरली असेल?"

"अर्ध्या घाटात फार तर एक दिवा वाढतो, मॅडम. हँडलवरच्या पाचातला एक. ही निघतानाच भरलेली होती."

पुढचं दोघांनाही कळत होतं.

"भरलेल्या बॅटरीत आणखी वीज कोंबली तर ती पेट घेते," अस्लम सावकाश म्हणाला. "म्हणून ती भरली की नियंत्रक वीज घेणं बंद करतो."

"आणि वीज घेणं बंद झालं, की मोटर चाकाला अडवत नाही. वीज तयार करणं आणि अडवणं ही एकच क्रिया आहे." ऋतांनी चष्मा काढला. "बॅटरी रिकामी असती तर रोध उत्तम लागला असता. त्यांच्या सायकलला ब्रेक नव्हता, कारण तिच्यात जागा नव्हती."

"पण पठारावर बॅटरी भरलेली असेलच कशी? चढून येईपर्यंत ती संपत आलेली असते. आपण तर हे धरूनच चाललो होतो."

उत्तर बॅटरीच्या तळाशी सापडलं. तपासणीसाठी ठेवलेल्या दोन टोकांना दोन बारीक तारा डाख देऊन जोडल्या होत्या. त्यांच्यावर काळी पट्टी गुंडाळलेली होती. पाणी शिरू नये म्हणून तिच्यावर मेण फासलं होतं. कुणीतरी अतिशय मन लावून काम केलं होतं.

दुपारी करंजमाळच्या सरपंच उज्ज्वला रांजणे यांचा फोन आला.

"मॅडम, परवा आमच्याकडं कार्यक्रम हाय. तुमच्यापैकी कुणीतरी यायला पायजे. सारिकाच्या नावानं सौर केंद्र उभं केलंय. समद्या सायकली भरता येतील असं."

ऋतांच्या हातातला फोन जड झाला. "ही कल्पना कुणाची?"

"लहूभाऊंची. तिच्या मालकांची. त्यांचं म्हणणं, वाटेत चार्ज उतरला म्हणून मोटरचा ब्रेक लागला न्हाई. त्यांनी घरी एक सौर पत्रा जोडला व्हता, पर ती घरगुती जोडणी. आता पक्कं केंद्र केलं, की पुन्हा कुणाची बॅटरी संपायची न्हाई."

त्या तारा कुणी जोडल्या होत्या ते ऋतांना कळलं. खरं कारण ओठांवर आलं होतं. पण फोनवरून सांगितलं, तर संध्याकाळपर्यंत ते गावभर होऊन त्या माणसाच्या कानावर जाईल, आणि तेव्हा त्याच्याजवळ कोण असेल कुणास ठाऊक, असं त्यांच्या मनात आलं.

"उज्ज्वलाताई, मी उद्या सकाळीच येते. तोवर एकही सायकल केंद्राला लावू नका. कारण समक्ष सांगते."

"परवा उद्घाटन हाय, मॅडम. त्याआधी कोण लावतंय?"

दुसऱ्या दिवशी ऋता आणि अस्लम संस्थेच्या गाडीने घाट चढले, तेव्हा ऊन नुकतंच कड्यावर आलं होतं. शेवटचं वळण संपलं आणि अस्लमने ब्रेक मारला.

रस्त्याच्या कडेला नवीन सौर पत्र्यांची रांग चमकत होती. तिच्या सावलीत भारसायकली ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या बॅटरीला नव्या तारा जोडलेल्या होत्या. पेट्यांमध्ये दुधाचे कॅन आणि पोती लादून झाली होती. डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका निघायच्या तयारीत होत्या. प्रत्येक सायकलच्या हँडलवर पाचही दिवे हिरवे होते. सगळ्यात पुढे मंदाकिनी सपकाळ सीटवर बसली होती आणि तिचा एक पाय पेडलवर होता.

ऋता गाडीतून उतरून धावल्या आणि तिच्या चाकासमोर उभ्या राहिल्या.

"कुणीही घाट उतरायचा नाही! सायकली स्टँडवर लावा."

"काय झालं, मॅडम?" उज्ज्वलाताई गर्दीतून पुढे आल्या. "काल ऊन चांगलं व्हतं. मंडळी म्हणाली, चाचणी घेऊ. तुमचं सांगणं उद्घाटनापुरतंच वाटलं मला."

ऋतांनी त्यांना बाजूला नेलं आणि थोडक्यात सगळं सांगितलं. उज्ज्वलाताईंचा चेहरा उतरला. त्यांनी मागे वळून पाहिलं. खांबाशी एक बुटका, कमरेतून थोडा वाकलेला माणूस फडक्याने पत्र्यावरची धूळ पुसत होता.

"ते लहूभाऊ. कंबर गेल्यापासनं घरीच असतात. दर रविवारी तिची सायकल धुवायची, साखळीला तेल द्यायचं, हवा बघायची, नटबोल्ट आवळायचे. समदं तेच करायचे." त्यांनी आवाज आणखी खाली घेतला. "मॅडम, दुसरं काहीतरी कारण सांगा. तारा चुकल्यात म्हणा. हे ऐकलं तर तो माणूस जगायचा न्हाई."

ऋतांनी विचार केला. तारा चुकल्या म्हटलं, तर गाव त्या दुरुस्त करून घेईल. केंद्र बंद केलं, तरी एखाद्याच्या अंगणात पत्रा येईलच. ज्याला आपल्या माणसाची दया येईल, तो हेच करेल. कारण कळल्याशिवाय हे थांबणार नव्हतं.

"नाही सांगितलं तर पुढच्या महिन्यात दुसरं कुणीतरी जाईल, उज्ज्वलाताई."

ऋता परत आल्या आणि मंदाकिनीच्या पेटीतल्या कॅनवर त्यांनी हात ठेवला.

"हा कॅन तोंडोतोंड भरलेला आहे. त्यात आणखी दूध ओतलं तर?"

"सांडंल," मंदाकिनी म्हणाली.

"बॅटरीतली वीज सांडत नाही, पेट घेते. म्हणून बॅटरी भरली, की सायकल वीज ओतणंच थांबवते. पण घाट उतरताना तुम्हाला जे धरून ठेवतं ना, ते ओतणंच असतं. तोच तुमचा ब्रेक. आत जागा नसेल, तर ब्रेक नाही. उरतो तो हाताचा, आणि तो अर्ध्या घाटात जळून जातो."

मग एकेक बाई सीटवरून खाली उतरू लागली. लहूभाऊकडे पाहायचं सगळ्यांनीच टाळलं, आणि त्यामुळे तो तिथे किती एकटा उभा आहे ते जास्तच दिसलं.

त्याने फडकं खांबावर ठेवलं.

"त्या सोमवारी तिची बॅटरी भरलेली व्हती," तो म्हणाला. "पाच दिवे व्हते. मला वाटलं, माझी जोडणी खोटं दाखवत असंल."

"जोडणी खरी होती. बॅटरी भरलेलीच होती. आम्ही उघडून पाहिली."

"शेवटच्या चढाला चार्ज संपायचा. मग ती उतरून ढकलायची. घरी आली की पोटऱ्या धरून उंबऱ्यावर बसायची." तो कुणाकडेही न पाहता बोलत होता. "म्या म्हटलं, एकदा तरी बसून घरापातूर येऊ दे तिला. रविवारभर पत्रा उन्हात धरला. सकाळी दिवे बघून हसली. म्हणाली, आज काय, सणच हाय जणू." मग त्याने मान वर केली. "मॅडम, बॅटरी रिकामी असती, तर ती सुखरूप घाट उतरली असती का?"

उज्ज्वलाताईंनी ऋतांचा हात घट्ट धरला. खोटं बोलायला तेवढाच क्षण होता.

"हो. उतरल्या असत्या."

लहू खाली बसला. रडला नाही. जमिनीवर दोन्ही हात टेकून बसून राहिला. ऋता त्याच्यासमोर धुळीतच बसल्या.

"चूक आमची आहे, लहूभाऊ. बॅटरी वर भरली तर काय होईल, हे आम्ही तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण वर कुणी ती भरेल हे आम्हाला सुचलंच नाही."

"तुम्हाला सुचलं न्हाई," तो म्हणाला. "मला सुचलं."

ऋता त्याच्याजवळच बसून राहिल्या.

थोड्या वेळाने मंदाकिनी हळूच म्हणाली, "मॅडम, दुधाचं काय करायचं? ऊन चढाय लागलंय."

अस्लमने ते संस्थेच्या गाडीत भरून गावातल्या एका चालकाबरोबर बाजारात पाठवलं. सायकलींचे दोन-तीन दिवे विझल्याशिवाय त्या खाली नेता येणार नव्हत्या. इथे सपाटीवर फिरवून विझवायचे, तर दुपार झाली असती.

"विहिरीचा पंप उन्हाच्या विजेवर चालतोय," लहू खालूनच म्हणाला. "ऊन काय आन् बॅटरी काय, त्याला सारखंच."

तो उठला. कंबर धरत विहिरीपर्यंत गेला. अस्लमने तारा धरल्या आणि लहूने त्या एकेका बॅटरीला जोडल्या. पाणी टाकीत चढू लागलं. टाकी भरून वाहू लागली, तेव्हा पाट काढून ते घेवड्याला सोडलं. हिरवे दिवे एकामागून एक विझत होते. प्रत्येक सायकलचे दोन दिवे उरले, की अस्लम ती बाजूला घेत होता. बायका रांगेत शांतपणे उभ्या होत्या.

मधेच लहूने विचारलं, "मॅडम, मग हिला चढाला ताकद द्यायची, तर ती द्यायची कुठं?"

तो 'हिला' म्हणाला, ते ऋतांच्या लक्षात आलं. प्रश्न सायकलचा होता, का दुसऱ्या कुणाचा, हे त्यांनी विचारलं नाही. उत्तर त्यांना गाडीतच सुचलं होतं. ते सांगावं की नाही, याचा निर्णय मात्र त्यांना वाटेत करता आला नव्हता.

"घाटाखाली," त्या म्हणाल्या. "चढायच्या आधी. बाजारात भरून निघाली, तर शेवटच्या चढालाही उतरावं लागणार नाही. चढता चढता बॅटरी आपोआप मोकळी होते. वर पोचेपर्यंत तिच्यात उतारासाठी जागा झालेली असते."

"म्हंजे पत्रा तोच."

"हो."

"नुसता खाली लावला असता, तर ती बसून घरी आली असती."

ऋतांनी होकारार्थी मान हलवली.

लहूने शेवटच्या बॅटरीची तार सोडली. मग तो केंद्राकडे गेला, खिशातून पाना काढला आणि पहिल्या पत्र्याचा नट सोडवायला लागला. अस्लम दुसऱ्या बाजूला उभा राहिला. पत्रा सुटला. दोघांनी तो चादरीत गुंडाळला आणि मंदाकिनीच्या पेटीवर दोरीने आडवा बांधला. लहूने दोरी दोनदा ओढून पाहिली.

"सावकाश ने," तो म्हणाला. "पयल्या वळणाच्या आधी मोटर धरतीया का बघ. न्हाई धरली तर तिथंच उतर."

"व्हय, भाऊ."

मंदाकिनी निघाली. सायकल उताराला लागली, वेग घेऊ लागली, आणि मग मोटरचा जाड, सलग घुमारा वर आला. मोटरने चाक धरलं होतं. वेग वाढायचा थांबला. सायकल पत्र्यासह वळणाआड गेली.

बायका आपापल्या सायकलींकडे वळल्या. लहू कठड्याला धरून उभा होता. घाटात खाली खाली जाणारा तो आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत तो हलला नाही. मग त्याने दुसऱ्या पत्र्याला पाना लावला.