उसवा आणि पुन्हा शिवा

ती दुकानाच्या दारात बसून कुणाच्या तरी सोफ्याचं पोट शिवत होती, तेव्हा समोरून ती गाडी आली. आली म्हणजे, चौघांनी ढकलत आणली. लांबी अशी, की पुढचे दिवे हिच्या दारात पोचले तरी मागचे अजून कोपऱ्यावरच्या न्हाव्यापाशीच. जुनी अमेरिकन गाडी, एके काळी बड्या घरची असावी. आता टपाचा नुसता सांगाडा, आणि पत्रा गंजून बिस्किटासारखा झालेला. स्टिअरिंगवर मात्र एक तरुण अशा थाटात बसला होता, जणू ते चौघे त्याच्या मिरवणुकीला आलेत.

"ओ ताई, गाडीच्या सीट शिवता का?"

"सोफाच की तो. चाकं लागलेला."

"मग गॅरेजवर याल बघायला?"

"येईन. पण ताई म्हणू नका, मजुरी वाढते."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका. आधी त्या स्प्रिंगवरून उठा, पँट फाटलीय."

तो उठला. फाटलीच होती. ताई म्हटल्याचा आणि पँटचा, दोन्हींचा पश्चात्ताप त्याला पुढे बरेच दिवस पुरला.

गॅरेज त्याचं स्वतःचं. भंगारात निघालेल्या गाड्या घ्यायच्या, जीव ओतून नव्यासारख्या करायच्या आणि विकायच्या, हा त्याचा धंदा. ही गाडीही पूर्ण झाली की विकायची, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. ती त्याला पानेवाले म्हणायची, तो तिला सुईबाई. तो इंजिनाखाली पडलेला असायचा, ती वर डाळिंबी चामड्याच्या लांब फुगीर पट्ट्या शिवायची, काठाला पाइपिंगचा गोल गोट लावायची. सीटला हात लावण्याआधी तो साबणाने दोनदा हात धुवायचा. एकुलता एक पंखा हळूच तिच्याकडे वळवायचा आणि स्वतः घामाघूम होऊन शीळ घालायचा. पंखा वळल्याचं आपल्या लक्षात आलंच नाही, असं ती दाखवायची. एवढ्यावर माणसं प्रेमात पडतात... ती पडली.

पण शिवून झालं की तो वाकायचा, शिवणीवरून बोट फिरवायचा आणि मान हलवायचा.

"इथे जरा... नागमोडी नाही वाटत?"

"कुठे?"

"म्हणजे... नीट बघितलं तर. उसवा आणि पुन्हा शिवा."

ती उसवायची. पुन्हा शिवायची. पुन्हा ते बोट, पुन्हा तेच.

"सीट शिवतेस की राजवाडा?" आईने एकदा विचारलं.

"त्याला पसंत पडत नाही."

"काय? सीट?" आईच्या बोलण्यात टाचण्या असत.

मागच्या सीटची पाळी आली तेव्हा तिचा बांध फुटला. "माझं काम लायकीचं नाही, असं एकदाच सांगून मोकळे व्हा ना!"

"तसं नाही हो..." हातातली तेलाची झारी तो उगाच फिरवत राहिला. "मला म्हणायचं होतं की —"

"काय?"

"...पाइपिंग जरा सैल आहे."

तिने दात-ओठ खाऊन सगळी सीट उसवली आणि अशी शिवली, अशी शिवली, की तिच्या हातून तसं काम पुन्हा होणं नव्हतं. "काढा आता खोट. आणि मी काही आता यायची नाही."

त्याचं बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. "नाही," तो म्हणाला, "आता काही बाकी नाही." कुणी वाईट बातमी सांगावी तसा. पण ती टेप गुंडाळण्यात गुंतली होती. राग आला की माणसाला कान राहत नाहीत.

मग गिऱ्हाईक आलं. समुद्रापलीकडे हॉटेल चालवणारे एक काका. पाहुण्यांना फिरवायला त्यांना अशीच गाडी हवी होती. तिनेच शिवलेला कापडी टप उघडून-मिटून दाखवायला हवा म्हणून त्याने तिला निरोप धाडला. कामाला जाताना कुणी कपड्यांना इस्त्री करत नाही. तिने केली.

गाडी सायीच्या रंगाची झाली होती. क्रोममध्ये स्वतःचं लांबुळकं तोंड बघून ती नकळत हसली. काका मागे राजासारखे बसले, ती पुढे, त्याच्या शेजारी. आपण शिवलेल्या सीटवर सुई न घेता ती पहिल्यांदाच बसली होती. गाडी पाण्यावरून गेल्यासारखी निघाली. रस्त्यातली माणसं वळून वळून बघत होती. गाडीकडेच हो, पण शेजारी बसलं की तेवढं आपल्यालाही लागू होतं.

आणि पाऊस आला. गाडी कडेला घेऊन दोघांनी दोन बाजूंनी टप ओढला. काचेवरचा खटका लावताना बोटांना बोटं लागली... दोघांनीही काढून घेतली नाहीत. तेवढ्यात काकांचा फोन वाजला आणि ते एका दुकानाच्या छपराखाली जाऊन बोलू लागले.

टपावर थेंब वाजत होते. आत एकही येत नव्हता.

"टप छान बसलाय," तो म्हणाला.

"अगंबाई! खोट नाही?"

"खोट कधीच नव्हती."

"मग उसवायला का लावलंत?"

तो वायपरकडे बघत राहिला. "शिवून झालं असतं, तर तुम्ही गेला असता."

तिचं अहोजाहो कुठल्या कुठे गेलं. "अरे, मग तोंडाने सांगायचं ना!"

"सांगायला गेलो की तोंडातून पाइपिंग निघायचं."

हसावं की रडावं ते तिला कळेना. "मग आता सांग."

"आता काकांना हो म्हणून बसलोय. गाडीबरोबर ती सांभाळणारा माणूसही हवाय त्यांना. तुम्ही म्हणालात, आता येणार नाही... मग इथे राहून करायचं काय? गाडीबरोबर मीही विकला गेलो."

"गाडीचं काम राहिलंय म्हणून सांग."

"माझं सगळं झालं, हे त्यांनी खाली वाकून तपासलंय. शिवणकामाचं तुम्हाला विचारणार आहेत. घाईत आहेत ते. काही राहिलंय म्हटलं, तर सरळ दुसरी गाडी घेतील. तीही बघून ठेवलीय." पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "मग मी इथेच."

एवढंच तर होतं. राहिलंय, एवढं एकच म्हणायचं होतं.

दार उघडलं. काका डोकं पुसत आत बसले आणि मागच्या सीटच्या काठावरून त्यांनी अंगठा फिरवला. "पोरी, खरं सांग हं. सगळं नीट झालंय ना? मला हे पाइपिंग जरा सैल वाटतंय."

"सैल?" ती गर्रकन वळली. "नखाने ओढून बघा, काका! गाडी मोडेल एक वेळ, पण ती शिवण नाही सुटायची!"

बोलून गेली... आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

तो समोरच्या काचेकडे बघत होता. किंचित हसला. "खरंय, काका," तो म्हणाला, "हिच्या हातचं आहे ते."

'हिच्या' म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"मग झालं तर!" काकांनी मांडीवर थाप मारली. "आजच निघू."

तिने पुन्हा तोंड उघडलं, पण आता काय बोलणार? स्वतःच्या शिवणीला नाव ठेवायला तिची जीभ शिकलीच नव्हती.

दुकानापाशी तो भिजत उतरला, तिच्या बाजूचं दार त्याने उघडलं. काकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "तिकडे सीट फाटली तर येशील शिवायला?"

"फाड मग. पात्याने फाड एकदाची."

"तू शिवलेली?" त्याने मान हलवली. "हात नाही धजायचा गं."

लांबलचक गाडी वळायला बराच वेळ लागला. तरी शेवटी वळलीच.

आत आई कपड्यांच्या घड्या करत होती. "गाडी गेली का गं?"

"गेला," ती म्हणाली.

आईने मान वर केली. चूक दोघींच्याही लक्षात आली होती. दोघींपैकी कुणीच ती सुधारली नाही.