पुलाखालचा श्वास

बाबांना सूंसीचा श्वास पुन्हा एकदा ऐकवायचा, एवढ्याचसाठी आम्ही तिघं जानेवारीतल्या त्या सकाळी घाघरा नदीत कयाक घातले.

सूंस म्हणजे नदीतला डॉल्फिन. आंधळाच म्हणा ना. गढूळ पाण्यात राहतो आणि श्वासासाठी क्षणभर वर येतो. बाबा, म्हणजे माझे सासरे शरदराव, तरुणपणी रेल्वेपुलांच्या दुरुस्तीवर होते आणि घाघरेच्या पुलाजवळच्या क्वार्टरमध्ये एकटे राहत. तिथल्या संध्याकाळींचं ते नेहमी सांगायचे. "सूनबाई, आधी दिसत नाही, ऐकू येते. एक श्वास. मग पाणी पुन्हा सपाट. ती परत वर येईपर्यंत आपलाच जीव वर-खाली." गेल्या दिवाळीनंतर त्यांना पक्षाघात झाला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, आवडेल ते खायला घाला. त्याचा अर्थ आमच्या लखनौतल्या इंदिरा नगरच्या घरात कोणीच मोठ्याने बोललं नाही.

कल्पना माझ्या दिराची, इंद्रजितची. तो शनिवार-रविवारी पोरांना कयाकिंग शिकवतो आणि लखनौच्या आसपास बोट घालण्यासारखं पाणी शोधत फिरतो. शहरातली गोमती त्याने केव्हाच सोडली होती. जलपर्णीत पॅडल अडकतं आणि वास अंगाला घरापर्यंत येतो. शारदा कालव्याचे काठ सिमेंटचे, उलटलात तर धरायला काही नाही. कल्याणी नदीत हिवाळ्यात गुडघाभर पाणी. राहिली घाघरा. गाडीने दोन तासांच्या आत, पण रुंद, लहरी आणि थंड.

"वहिनी, रेकॉर्ड करून आणू," तो म्हणाला. "बाबांच्या कानाशी लावू. बस."

मी सांगलीची. कृष्णेत पोहून मोठी झालेली. जुई झाल्यापासून मात्र आठ महिने तिला सोडून मी कोपऱ्यावरच्या सब्जीवाल्यापलीकडे गेले नव्हते. सासूबाईंनी जुईला माझ्या हातातून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "जा. पण तिच्या भुकेच्या आत ये."

निघालो तेव्हा आभाळ मोकळं होतं. पुलाच्या बरंच वर, उजव्या काठाच्या रेतीवरून आम्ही पाण्यात उतरलो. मी आणि माझा नवरा निनाद दोन माणसांच्या कयाकमध्ये, मी पुढे, तो मागे. इंद्रजित एकट्याच्या लाल कयाकमध्ये. थोडं खाली जायचं, सूंसी दिसतात त्या खोल वळणावर थांबायचं आणि पुलाच्या पुष्कळ आधी पुन्हा उजव्या काठाला लागायचं, असं ठरलं होतं. पुलाच्या खांबांशी पाणी कसं फिरतं, हे बाबांनीच दोन्ही मुलांना लहानपणी भीती घालून सांगितलं होतं.

"आणि धुकं आलं तर?" मी विचारलं.

"पूल ऐकू येईल," निनाद म्हणाला. तोही रेल्वेतच अभियंता. "लाइन बिझी आहे. गाड्यांमागून गाड्या. गाडी पुलावर चढली की मैलभर आवाज येतो. पहिली गाडी ऐकली की काठाला. सिंपल."

वळणावर आम्ही पॅडल मांडीवर घेऊन थांबलो. पाण्याचा रंग राखेसारखा. रेतीवर एक कुत्रा काहीतरी ओढत होता, काय ते मी नीट पाहिलं नाही. सूंस आली नाही. ऊन वर येईल तसं धुकं विरेल असं आम्ही धरून चाललो होतो, आणि नेमकं उलट झालं. नदीच्या अंगातूनच वाफ उठावी तसं ते वर आलं. आधी समोरचा काठ गेला. मग कुत्रा. मग पाच हातांवरचा इंद्रजितचा लाल कयाक गुलाबी झाला, आणि मग नुसता त्याचा आवाज उरला.

"दादा, बोलते रहो. तुम दिखना बंद हो गए."

आम्ही बोलत राहिलो. उजवा काठ कुठे, हे तिघांनी तीन दिशांना दाखवलं असतं. पॅडल मारावं तर नदीच्या मध्यात जाण्याची भीती, न मारावं तर प्रवाह नेत होता. कुठे नेत होता ते पाणी सांगत नव्हतं. निनाद मान वाकडी करून गाडीची वाट ऐकत होता. गाडी येत नव्हती.

माझी छाती दुधाने ठणकायला लागली. म्हणजे जुई जागी झाली असणार.

"निनाद," मी म्हटलं, "या धुक्यात गाड्या वेळेवर असतील?"

दर हिवाळ्यात लेट गाड्यांवरून वरिष्ठांची बोलणी खाणारा माणूस तो! सगळ्या शहराला ठाऊक असलेली गोष्ट फक्त त्याच्या लक्षात आली नव्हती. धुक्यात गाड्या मागेच कुठेतरी उभ्या होत्या. पूल मुका होता. आणि त्याच्या भरवशावर आम्ही वाहत आलो होतो.

मग एकदाचा आवाज आला. खडखडाट नव्हे, संथ, जड घरघर, गाडी पाऊल चाचपत चालावी तशी. पण तो सगळीकडून येत होता. डावीकडून, उजवीकडून, पाण्याखालूनसुद्धा.

"किधर से?" इंद्रजित ओरडला.

टण्!

कयाकच्या नाकावर काहीतरी आदळलं आणि उडून माझ्या मांडीत पडलं. नाणं. पाठोपाठ वर कुठेतरी लोखंडावर खणखणाट झाला आणि बाजूच्या पाण्यात डुबुक, डुबुक. नदी ओलांडताना गाडीतून नाणं टाकून हात जोडतात, तसं कोणीतरी धुक्यातल्या न दिसणाऱ्या नदीला नमस्कार करत होतं. थेट आमच्या डोक्यावर.

"पूल!" मी किंचाळले. "पुलाखाली आहोत आपण!"

धुक्यातून खांब निघाला. घरापेक्षा रुंद, काळा, ओला. पाणी त्याच्यावर फुटून दोन्हीकडे पळत होतं. "डावीकडे! जोरात!" निनाद मागून ओरडला. आम्ही दोघांनी पॅडल मारली. एकदा. दोनदा. खांब माझ्या खांद्याजवळून सरकला. त्याच्यावरचं शेवाळ मला दिसलं. आम्ही सुटलो.

इंद्रजित नाही सुटला.

प्लास्टिक दगडावर घासल्याचा लांबलचक आवाज आला. लाल कयाक आडवा होऊन खांबाला चिकटला, कलला आणि उलटला. मग नुसतं पाणी.

"इंद्या!" निनादचा असा आवाज मी आठ वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता.

खांबाच्या मागे पाणी उलटं फिरून थबकतं. तिथे आम्ही कयाक घातला. नारिंगी लाइफ जॅकेट वर आलं, भोवऱ्यात एक गिरकी घेऊन पुन्हा प्रवाहाकडे जाऊ लागलं. मी पॅडल लांब केलं. बोटं आली, सुटली. पुन्हा आली. धरली! निनादने त्याला जॅकेटच्या पट्ट्यांनी ओढून मागच्या टोकावर पालथं घातलं. लाल कयाक निघून गेला होता.

गाडीही निघून गेली. खांबाच्या आडोशाला पाणी संथ, जवळजवळ घरातलं वाटावं असं. इंद्रजितचे दात वाजत होते. ओठ जांभळे.

आणि तिथे, हाताच्या अंतरावर, आम्ही तो ऐकला.

एक श्वास. ओला, लांब, म्हाताऱ्या माणसाने ओझं खाली ठेवावं तसा. करडी पाठ वळली आणि पाणी सपाट झालं.

कोणी हललं नाही. मग निनादचा हात हळूच माझ्या पाठीवरच्या वॉटरप्रूफ पिशवीकडे आला. फोन तिच्यात होता.

"ती परत येईल," तो कुजबुजला. "फक्त एकदा, सानिका. बाबांसाठी."

मलाही तेच हवं होतं. पण इंद्रजितने वाजणाऱ्या दातांमधून "हां, रुको, मैं ठीक हूं" म्हटलं, आणि त्याचे शब्द जड झाले होते, झोपेतल्या पोरासारखे. मी वळून पाहिलं. त्याचं थरथरणं कमी होत होतं. हे बरं लक्षण नव्हतं, अंग गारठून सुन्न होत चाललं होतं.

"नाही," मी म्हटलं. "पॅडल मार."

"सानिका—"

"बाबांना आवाज हवाय की मुलगा? मार पॅडल."

मांडीतलं नाणं मी पाण्यात सोडलं. ते आमच्यासाठी टाकलेलं नव्हतं. मागे कुठेतरी सूंस पुन्हा वर आल्याचा आवाज झाला. आम्ही थांबलो नाही.

काठ दिसत नव्हता, पण आता खांब होते. एका खांबाच्या आडोशातून दुसऱ्याच्या आडोशाकडे, मधला प्रवाह जिवाच्या करारावर तोडत, आम्ही पुलाच्या कडेकडेने सरकलो. दर वेळी वाटायचं, पुढे काही नाहीच. दर वेळी काळा दगड निघायचा. शेवटी कयाकचं नाक चिखलात रुतलं.

वर पुलाच्या चौकीदाराची झोपडी होती आणि दारात शेकोटीचा अलाव पेटलेला. कोणत्याही प्रश्नाआधी त्याने स्वतःचं कांबळं इंद्रजितवर टाकलं, चहा दिला. मग सावकाश म्हणाला, "भैया, नहाने के लिए घाट उधर है."

इंद्रजित हसला. मग रडला. निनाद त्याचे पाय चोळत राहिला.

घरी पोहोचलो तेव्हा दुपार उलटून गेली होती. जुई रडून रडून हुंदक्यांवर आली होती. सासूबाईंनी इंद्रजितच्या अंगावरचं कांबळं पाहिलं. "मिळालं का?" एवढंच. निनादने नकारार्थी मान हलवली.

जुईला पाजून मी बाबांच्या पलंगाशी बसले. ते छताकडे बघत होते.

"बाबा, आहेत," मी म्हटलं. "अजून आहेत. तुमच्या पुलाखाली, खांबाच्या मागे. रेकॉर्ड नाही करता आलं."

त्यांचे डोळे माझ्याकडे वळले.

"असा आवाज होता," म्हणून मी तोंडाने केला. फूस. जुईला गंमत वाटली. तिनेही ओठ फुगवून थुंकीचे बुडबुडे उडवले.

बाबांचा डावा हात रजईवरून उचलला गेला. दोन बोटं आडवी हलली. नाही, असा नाही. मग त्यांनी छाती भरून घेतली, कितीतरी वेळ लागला त्याला, आणि सोडली. ओला, लांब, ओझं खाली ठेवल्यासारखा तो श्वास.

हुबेहूब. दाराशी टॉवेल गुंडाळून उभा असलेला इंद्रजित भिंतीला टेकला.

रजई सपाट झाली होती. सासूबाई उशीशी तशाच थांबल्या. निनादने पलंगाची पट्टी धरली. आणि आम्ही सगळे त्या रजईकडे बघत राहिलो, ती पुन्हा वर येण्याची वाट बघत.