मखमलचा डोळा

प्राणिबागेतल्या सर्पालयात, काचेपलीकडे, मखमल नावाची अजगराची तरुण मादी निपचित पडली होती. अंगावर अर्धवट सुटलेल्या कातेची लक्तरे आणि डाव्या डोळ्यावर त्याच कातेचा राखाडी पापुद्रा.

"उद्या सकाळी चिमट्याने ओढून काढू," सर्पालयाचे प्रमुख अप्पासाहेब म्हणाले आणि निघून गेले.

"डोळाच जाईल तिचा!" मंजुषा पुटपुटली. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आणि तिचा मावसभाऊ निखिल इथे रोज मदतीला येत.

"अगं, ते बघ!" निखिलने पिंजऱ्याच्या फरशीवरचा गोल, फिकट डाग दाखवला. "इथे पाण्याची कुंडी होती ना यार? गेली कुठे?"

कुंडी मागच्या अडगळीत उपडी पडली होती!

"साहेबांनीच काढवली," झाडणाऱ्या कमलबाई म्हणाल्या. "काचेवर वाफ धरायची, पब्लिकला साप दिसायचा नाही. वर हा मोठा बल्ब लावला. पाणी आता ताटलीत, दिवसातून एकदा."

संध्याकाळी घरी, परदेशीपुऱ्याच्या गिरणीवस्तीतल्या खोलीत, मंजुषाचे बाबा, अच्युतराव, भिंतीकडे तोंड करून बसले होते. बावीस वर्षे त्यांनी गिरणीच्या आठशे मागांच्या विणकामखात्यातली हवा दमट राखली. गिरणीला कुलूप लागले आणि त्यांचे शब्दही आत राहिले.

"बाबा, कोरड्या हवेत कात तुटते का हो?"

अच्युतराव भिंतीकडून वळले.

"सूत तुटतं," ते म्हणाले. मग उठून त्यांनी पेटीतून दोन नळ्यांचे तापमापक काढले. एका नळीला ओली करायची वात होती.

सकाळी अप्पासाहेबांच्या हातात चिमटा होता.

"साहेब, आंधळा साप बघायला पब्लिक येईल का हो?" निखिलने भाबड्या चेहऱ्याने विचारले.

चिमटा थबकला. तेवढ्यात मुलांबरोबर आलेल्या अच्युतरावांनी तापमापक पिंजऱ्यात लटकवलेसुद्धा!

"सुकी नळी छत्तीस, ओली एकवीस!" थोड्या वेळाने मंजुषा ओरडली.

"फरक जितका मोठा, तितकी हवा कोरडी," अच्युतराव म्हणाले. "पंधराच्या फरकात आमचा एकही माग चालला नसता. मला चार दिवस द्या."

अप्पासाहेबांनी चिमटा खाली ठेवला. अच्युतरावांनी बल्ब उतरवला, कुंडी परत ठेवली, फुटका रांजण आडवा करून त्यात ओले गोणपाट अंथरले.

"सगळीकडेच पाणी मारू का?" निखिल बादली घेऊन धावला.

"नको रे! कातडी कुजेल. एक कोपरा ओला, बाकी सुका. आणि हवेची जाळी झाकू नकोस."

फरक सहावर आला. मखमल रांजणात शिरली आणि दोन दिवस दिसलीच नाही.

चौथ्या दिवशी ती रांजणाच्या कडेला अंग घासत बाहेर आली. मागे लक्तरे गळून पडली होती आणि डावा डोळा काळाभोर चमकत होता!

"शाबास पोरांनो! चूक माझी होती," अप्पासाहेब म्हणाले. मग ते वळले. "अच्युतराव, आठशे मागांची हवा सांभाळलीत. आमचे पंधरा पिंजरे सांभाळाल? उद्यापासून?"



अच्युतराव शेजारच्या पिंजऱ्यापाशी गेले. जाळीवर तळवा टेकवून त्यांनी आतली हवा अजमावली. मग पुढच्या. मग त्याच्या पुढच्या. पंधराव्या जाळीवरून हात काढून, "उद्या गोणपाट जास्त लागेल," असे कोणाकडेही न पाहता म्हणत, ते दाराबाहेरच्या पांढऱ्या उन्हात चालत गेले.