तोटीवरचा आक्षेप

ती गुडघ्यांवर बसून, मान वाकडी करून एका नळाच्या तोटीत खालून डोकावत होती. तेवढ्यात पलीकडून आणखी एक डोकं त्याच नळाखाली घुसलं आणि दोन्ही डोकी एकमेकांवर आपटली.

"आई गं!"

"सॉरी, सॉरी... लागलं का?"

"नाही. तुम्हाला?"

"मला लागलं," तो कपाळ चोळत, अगदी प्रामाणिकपणे म्हणाला.

दुकान मोठं होतं. भिंतीला ओळीनं बेसिनं, प्रत्येकावर चकचकीत नळ, आणि गिऱ्हाइकाला दाखवता यावं म्हणून प्रत्येकाला खरंखुरं पाणी. दुपारची वेळ असल्यामुळे गिऱ्हाईक असं नव्हतंच. हे दोघं सोडून, आणि दोघांनाही काही घ्यायचं नव्हतं.

ती पेटंट कार्यालयात परीक्षक होती. कुणी नवीन काही शोधलं म्हणून अर्ज केला, की ते खरोखर नवीन आहे का, की त्या धंद्यातल्या कुणालाही सहज सुचलं असतं, हे जुने कागद धुंडाळून ठरवायचं तिचं काम. सध्या तिच्या टेबलावर नळाच्या तोंडाला बसवायच्या एका फिरत्या तोटीचा अर्ज होता. कागदावर वाचून तिचं समाधान होईना, म्हणून जेवणाच्या सुट्टीत ती उठून सरळ दुकानात आली होती.

"नळ घ्यायचाय?" त्यानं विचारलं.

"नाही. बघायचाय."

"मलाही बघायचाच आहे." त्याला या योगायोगाचं फार बरं वाटलेलं दिसलं. "मग हा बघा. याची तोटी फिरते. सरळ आहे तोवर धार कशी, दोरा लोंबल्यासारखी. आता जरा वळवा... नाही, अजून... हं."

तिनं तोटी वळवली. धार मधोमध फाटली, अर्धी बेसिनात गेली आणि अर्धी तिच्या बाहीवर आली.

"मिशा फुटल्या," तो म्हणाला.

"काय?"

"धारेला. फिरत्या तोटीचं हेच दुखणं. पाणी आत कडेला आपटतं आणि मिशा फुटतात. आम्ही तरी असंच म्हणतो."

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि माझा दादा."

ती हसली. ती तशी पटकन हसणाऱ्यांतली नव्हती. ऑफिसात तर तिच्या हसण्याचा विषय निघाला की ती शेवटची कधी हसली ते लोक आठवायला लागत. पण ओल्या बाहीनं, गुडघ्याला धूळ लावून, ती त्या दुकानात चक्क हसली, आणि तो तिच्याकडे बघतच राहिला. नळ वाहत होता तो बंद करायचंही त्याला सुचेना.

"काय देऊ?" दुकानदार मागे येऊन उभा होता. त्याच्या आवाजात गिऱ्हाइकीपेक्षा संशय जास्त होता.

दोघंही शाळेत पकडल्यासारखे उठले. तिनं समोर दिसलं ते वॉशरचं पाकीट उचललं. त्यानंही उचललं. पैसे देऊन बाहेर आले तर भुरभुर पाऊस लागला होता, अवेळीच. दोघं दुकानाच्या पत्र्याखाली थांबले.

"वॉशर हवी होती तुम्हाला?" त्यानं विचारलं.

"नाही. तुम्हाला?"

"माझ्याकडे घरी पोतंभर असतील."

पुन्हा हसू. पत्र्याच्या कडेवरून थेंब पडत होते... त्याच्या एका खांद्यावर पडत होते आणि तो जागचा हलत नव्हता, कारण हलला असता तर तिला भिजावं लागलं असतं. हे तिच्या लक्षात आलं. लक्षात आल्याचं तिनं दाखवलं नाही.

"तुमचं नाव—" त्यानं सुरुवात केली.

"माझी सुट्टी संपली," ती म्हणाली आणि डोक्यावर पर्स धरून पावसात निघून गेली.

संध्याकाळी घरी ताईनं पर्समधून रुमाल काढताना ते पाकीट बाहेर काढलं. बहिणी दोघीच एका घरात राहत. ताई तिच्यापेक्षा बरीच मोठी, आणि तिच्या पर्समध्ये हात घालायचा आपल्याला जन्मसिद्ध हक्क आहे असं मानणारी.

"वॉशर? आपला कुठला नळ गळतोय?"

"कुठलाच नाही."

"मग?"

"घेतली गं अशीच."

ताईनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं, मग बहिणीकडेही तसंच पाहिलं, आणि पाकीट खिडकीत ठेवून दिलं.

पुढच्या आठवड्यात त्या तोटीच्या अर्जाची सुनावणी होती. अर्जदाराचे वकील आले. म्हातारे, दम लागलेले, बगलेत कागद. त्यांच्या मागून अर्जदार आत आला. तोच.

तो दारातच थबकला. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वकिलांचं लक्ष खुर्ची शोधण्यात होतं, म्हणून निभावलं.

"एक मिनिट," ती म्हणाली, आणि उठून थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेली. दुकान, नळ, मिशा, सगळं सांगितलं. वॉशर तेवढी गाळली.

"तो अर्जदार आहे हे तुम्हाला माहीत होतं?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"त्याला तुम्ही कोण ते?"

"नाही."

"मग नोंद करून ठेवा आणि सुरू करा. नळाबद्दल बोलणं हा काही गुन्हा नाही."

तिनं सुरू केलं. आवाज नेहमीचा, सपाट. एका जुन्या कागदात फिरती तोटी आहे. दुसऱ्या जुन्या कागदात धार मऊ करणारी जाळी आहे. या धंद्यातला कुठलाही माणूस ही जाळी त्या तोटीत बसवून बघणारच. यात नवीन काय?

"बसवून बघेल, मॅडम," तो वकिलांच्या आधीच बोलून गेला, "आणि पस्तावेल. मिश—" त्यानं जीभ चावली. "धार फाटते. आम्ही किती जाळ्या बदलल्या, दादा तर म्हणाला, सोड हा नाद—"

"पण तुम्ही हक्क मागताय त्या दाव्यात एवढंच लिहिलंय. फिरती तोटी आणि जाळी."

वकिलांनी खाकरून बाजू सावरायला घेतली. ती ऐकत होती, पण तिचं बोट आकृतीवर फिरत होतं. एका जागी ते थांबलं.

"ही रेघ काय आहे?"

"कुठली रेघ?" वकिलांनी चष्मा वर केला.

"ही. तोटीच्या गळ्यात आतल्या बाजूला. हिला क्रमांक नाही, मजकुरात उल्लेख नाही. छपाईचा डाग असेल असं मला आधी वाटलं."

तो खुर्चीत पुढे सरकला. "ती फासळी आहे," तो हळूच म्हणाला. "तोटी वळली की पाणी कडेला जातं ना, ती त्याला परत मधे ढकलते. सगळी गंमत तिच्यातच आहे. पण ती इतकी साधी की... लिहावंसं वाटलं नाही." मग वकील, टेबल, खोली सगळं विसरून तो म्हणाला, "तुम्ही पाहिलीत ती? अहो, माझ्या दादानंही विचारलं नव्हतं तिच्याबद्दल."

तिनं मान खाली घातली आणि लिहिलं, की अर्जदारास दावे सुधारण्यासाठी मुदत देण्यात येत आहे. अक्षर जरा वाकडं आलं.

सुनावणीनंतर तो जिन्यापाशी थांबला होता.

"चहा घेणार?"

"तुमची फाइल माझ्याकडे आहे."

"फाइलला नाही विचारलं."

"विचारलं असतं तरी तिनं नाहीच म्हटलं असतं," ती म्हणाली आणि जिना चढून गेली. वरच्या वळणावर तिनं एकदा खाली पाहिलं. तो अजून वर बघत होता.

सुधारलेला अर्ज आला. पहिला दावा तसाच, फिरती तोटी आणि जाळी, कारण दादाचा हट्ट. दुसऱ्या दाव्यात फासळी. तिनं तो वाचला, बाजूला ठेवला, पुन्हा उघडला. मग तिच्या लक्षात आलं, की टपालाची गाडी आली की हल्ली आपण मान वर करतो. हे आधी कधी होत नव्हतं. तिनं स्वतःला आणखी थोडे दिवस दिले. मान वर होतच राहिली. तेव्हा ती साहेबांकडे गेली.

"तोटीची फाइल दुसऱ्या कुणाला द्या."

"त्यानं काही देऊ केलं?"

"नाही."

"तुम्ही काही कबूल केलंत?"

"नाही."

"मग?"

"उत्तर येऊन गेलं तरी मी त्याची वाट बघतेय, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना मुली होत्या. जास्त काही न विचारता त्यांनी फाइल शेजारच्या विभागातल्या ज्येष्ठ बाईंकडे पाठवली. त्या बाईंना सगळं ऑफिस पाठीमागे कात्री म्हणे, कारण त्यांच्या हाताखालून गेलेला दावा पूर्ण अंगानं बाहेर पडत नसे.

कात्रीनं दोन्ही दावे कापले. पहिला सहज सुचण्यासारखा, आणि दुसऱ्यातली फासळी मूळ मजकुरात नाही, म्हणून आता घेता येणार नाही. अर्ज नामंजूर.

ही बातमी तिला जेवणाच्या टेबलावर कळली. स्वतः कात्रीनंच सांगितली, काकडी चिरत. फासळीबद्दल तिला ते पटलं नाही. पण फाइल आपली नाही, तर मतही आपलं नाही. तिनं डबा बंद केला. निम्मा तसाच राहिला होता.

त्या संध्याकाळी तो ऑफिसच्या फाटकाशी उभा होता. आज हसत नव्हता.

"तुम्ही माझी फाइल सोडलीत."

"हो."

"का?"

"ते सांगता येणार नाही."

"मला सांगता येणार नाही?" त्याचा आवाज चढला. जाणारे-येणारे बघायला लागले. "अहो, या अख्ख्या इमारतीत एका माणसाला ती रेघ दिसली होती. एका! मी घरी जाऊन दादाला म्हटलं, नामंजूर झालं तरी चालेल, पण कुणीतरी नीट बघितलं. आणि तुम्ही दिलीत ती उचलून दुसरीकडे. आज दादा म्हणतो, बघ, कंटाळल्या तुझ्या बाई."

"कंटाळले नाही."

"मग काय चुकलं माझं? त्या चहाचा राग आला? तसं असेल तर मी माफी मागतो. पण त्याची शिक्षा तोटीला कशाला?"

ती फाटकाच्या गजाला धरून उभी राहिली. गार होता तो. आयुष्यात तिनं कुठलंही कारण दिलं ते लेखी, परिच्छेद पाडून. तोंडी कारण द्यायची सवय नव्हती.

"परीक्षकाला... अर्जदाराबद्दल काही वाटत असेल," ती म्हणाली, "तर तिनं फाइल ठेवायची नसते."

"वाटत असेल म्हणजे? राग?"

"राग आला असता तर ठेवली असती. रागावर मला ताबा ठेवता येतो."

रस्त्यावरून एक बस गेली, मागोमाग दुसरी. त्याच्या चेहऱ्यावरचा राग जायला थोडा वेळ लागला, आणि गेल्यावर तिथं काय आणून ठेवावं हे त्याला कळेना.

"हे तुम्ही... आधी सांगायचं नाही का?"

"फाइल चालू असताना?"

"आणि आता?"

"आता ती माझ्याकडे नाही. तुमचा कुठलाच अर्ज यापुढे माझ्याकडे येणार नाही, तसं मी लिहून दिलंय."

"कुठलाच?"

"पेटंटचा म्हणतेय मी," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून कानापर्यंत लाल झाली.

मग ते चालायला लागले. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं. तो तोटीबद्दल बोलायला गेला की ती म्हणे, "तुम्हाला वरच्या पीठाकडे दाद मागता येते. मागा. याच्यापुढे मी एक शब्द बोलणार नाही." आणि खरंच बोलली नाही, त्या दिवशीही आणि नंतरही. बाकी सगळ्या विषयांवर ती बोलली. आपण इतकं बोलू शकतो हे तिचं तिलाच नवीन होतं. त्यानं ते सगळं ऐकून घेतलं, तेही तिच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत तिला पोचवत, पुन्हा मागे फिरवत, पुन्हा पोचवत.

ताईनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो काय करतो एवढंच विचारलं. "नळाच्या तोट्या," तो म्हणाला. ताईनं खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "असं होय."

त्यानं दाद मागितली. निकाल लागेपर्यंत त्यांचं लग्न होऊन गेलं होतं. एका सुट्टीच्या सकाळी तो निकाल घेऊन स्वयंपाकघरात आला आणि मोठ्यानं वाचून दाखवू लागला. पहिला दावा नामंजूरच. फासळीचा मंजूर, कारण मजकुरात नसली तरी ती रेघ आकृतीत पहिल्यापासून होती.

"आता तरी बोल," तो म्हणाला. "आता सगळं संपलं. तू असतीस तर काय केलं असतंस?"

तिनं कागद हातात घेतला, शेवटपर्यंत वाचला, आणि एका स्वल्पविरामाला नाक मुरडलं.

"हेच. पहिला मीही फेटाळला असता. फासळी दिली असती."

"पहिला तूही?"

"कुणालाही सुचलं असतं ते."

त्यानं हे गिळलं. मग त्याचा हिशोब चालू झाला. "म्हणजे तू फाइल ठेवली असतीस, तर मला हेच मिळालं असतं. आणि केवढं तरी आधी!"

"हो."

"ना दाद, ना वकिलांचे हेलपाटे, ना दादाची बोलणी... आणि फाटकाशी मी तमाशा केला तोही नसता झाला."

"नसता झाला. हातात मंजुरी पडली असती, तू आभार मानले असतेस आणि गेला असतास."

"नसतो गेलो."

"हे तुला सिद्ध करता येणार नाही," ती म्हणाली.

तो खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला आणि प्रयत्नाला लागला.