नमुन्याचा माणूस

कमलाकांत उमरीकरला रिकामी जागा सोसत नसे. पोस्टकार्डाचा कोपरा कोरा राहिला तर तो तिथे हवामान लिहून टाकी. असा माणूस अकोल्याच्या कापड गिरणीत कार्ड-खात्याचा मुख्य कारकून झाला, म्हणजे देवानं जोडी बरोबर जमवली म्हणायची.

मुंबईहून त्या वर्षी कार्डांना छिद्रं पाडायचं यंत्र आलं होतं. माणूस एक, खाती चार, अशी नवी व्यवस्था. फाटक, कँटीन, दवाखाना आणि क्वार्टर. प्रत्येकाचं एक मूळ कार्ड. त्यात गाव, जन्मसाल, उंची, कुटुंब, सगळं छिद्रांनी भरलेलं. त्याच्यावरून यंत्र चार लहान कार्डं काढी. फाटकाला क्वार्टरचं देणंघेणं नाही, दवाखान्याला कँटीनचं नाही. ज्यानं त्यानं आपल्यापुरता माणूस ओळखायचा.

कमलाकांतचा जीव अडकला होता तो क्वार्टरमध्ये. व्यवस्था सुरळीत लागली की त्याला ते मिळणार होतं. रमा बाळंतपणापासून अमरावतीला, अंबापेठेत माहेरीच होती. पोरगा रांगायला लागला तरी बापाला बघून भोकाड पसरायचा. "खानावळीत जेवणाऱ्याकडे मुलगी कशी पाठवू?" असं सासरे म्हणाले होते आणि ते त्याला फार लागलं होतं. अमरावतीहून बडनेऱ्यामार्गे परतताना तो गाडीत कुणाशी बोलत नसे.

खरे कामगार चढवण्याआधी एक खोटा माणूस घालून यंत्र तपासा, असा मुंबईचा आदेश होता. यंत्र कोरं कार्ड घेईना. आता खोटंनाटं किती रचायचं? कमलाकांतनं आपलंच मूळ कार्ड समोर ठेवलं, त्याबरहुकूम दुसरं पाडलं आणि फक्त नाव बदललं. गोवर्धन. चारही खात्यांनी या गोवर्धनला बिनतक्रार आत घेतलं. तपासणी झाल्यावर ती कार्डं फाडायची होती. पण चालत्या गाड्याला खीळ कशाला, उद्या पुन्हा तपासा म्हणाले तर? त्यानं ती कपाटात ठेवून दिली.

उन्हाळा लागला तेव्हा कँटीनचा उत्तमराव एकदा त्याच्यापुढे चहा ठेवत म्हणाला, "साहेब, तो गोवर्धन तुमचा कोन लागते?"

"कोण गोवर्धन?"

"अजी, नवा आला ना तो. तुमच्यावानीच बशीत चा ओतते अन् डोये मिटून पेते. मले वाटलं भाऊच हाय."

"कार्ड दाखवतो?"

"कार्डाबिगर मी कोनाले चा देतो काय?"

कुणीतरी टवाळखोर कार्ड लांबवून फुकटचा चहा पीत असणार. कमलाकांतनं खात्यात जाऊन कपाट उघडलं. गोवर्धनची कार्डं जागच्या जागी होती. कँटीनच्या कार्डावर चहाचा डाग होता, अजून ओलसर. त्यानं कपाटाचं कुलूप बदललं आणि किल्ली जानव्याला बांधली.

त्याची डावीकडची दाढ तेव्हा ठणकत होती. दवाखान्यात जायला सवड म्हणून होत नव्हती. एका दुपारी पंख्याखाली काम करता करता ठणका एकदम थांबला. सुटलो, असं त्याला वाटलं. संध्याकाळी गिरणीचे डॉक्टर केशवराव खात्यावरून जाताना दारात थांबले.

"तुमच्याकडचा तो गोवर्धन भारी सोशिक आहे हो. दाढ उपटली तरी हूं की चूं नाही."

"कुठली दाढ?"

"डावीकडची. खालची."

कमलाकांतची जीभ आपोआप तिकडे गेली. दाढेच्या जागी मऊ खड्डा होता. तोंडात खारट चव आली.

डॉक्टर निघून गेले. कमलाकांत भ्याला. आजवर तो कशाला भ्याला नव्हता असं नाही, पण इतका कधी नाही. रात्रभर तो डोळे उघडे ठेवून पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यानं गोवर्धनचं मूळ कार्ड आणि चारही लहान कार्डं काढली. एकेक उजेडाकडे धरून नावाची छिद्रं वाचली, खात्री केली आणि बॉयलरच्या भट्टीत टाकली. परत येताना त्याला हलकं वाटत होतं. वाटेत त्यानं दोघातिघांना नमस्कार केला. कुणाचं लक्ष गेलं नाही.

त्याच आठवड्यात क्वार्टरचा हुकूम निघाला. रविवारी तो अमरावतीला पोचला तेव्हा सासरे ओसरीवर सुपारी कातरत होते.

"काय, काही राहिलं का मागे?" त्यांनी विचारलं.

"रमाला न्यायला आलोय."

सासऱ्यांचा अडकित्ता थांबला. "अहो, काल तर घेऊन गेलात दोघांना."

तो तसाच मागे फिरला. अकोल्याला उतरला तेव्हा ऊन मी म्हणत होतं. क्वार्टर गिरणीच्या आवारात होतं. फाटकावर श्रावण पहारेकऱ्यानं त्याचं रोजचं कार्ड मागून घेतलं, वरचं छापील नाव वाचलं आणि बाजूला झाला.

"जाय, गोवर्धन."

"श्रावण, मी उमरीकर."

"उमरीकर साहेब तं घरी हायेत. काल बायकोपोराले घेऊन आले ना थे."

कमलाकांतनं कार्ड हिसकून सूर्याकडे धरलं. छिद्रांतून ऊन डोळ्यांत आलं. गोवर्धन.

तो धावत सुटला.

क्वार्टरच्या दोरीवर रमेचं निळं लुगडं वाळत होतं. दार उघडं होतं.

रमा बाहेर आली, कडेवर पोरगा. दोघंही सुखात दिसत होती.

"रमे," तो म्हणाला.

ती दचकली. मग सावरून हसली. "गोवर्धनभावजी ना? हे म्हणालेच होते, तुम्ही याल म्हणून."

"अगं, मी..."

"आधी पाणी दे त्यांना," आतून कुणीतरी म्हणालं. "उन्हातून आलेत."

आवाज त्याचाच होता.

पोरानं आतल्या आवाजाकडे दोन्ही हात पसरले.

रमेनं पदर डोक्यावरून पुढे ओढला, पाण्याचा तांब्या आणला, आणि त्याच्या हातात न देता उंबऱ्याबाहेर ठेवला.