मिठागराच्या बांधावर

"आयला... माझी जँडल!"

धम्मदीनानं कचकन ब्रेक दाबला. भाड्याची सायकल बांधावर आडवी होता होता वाचली.

कंबोडियातल्या काम्पोत गावाबाहेर, जिथे आल्यापासून मराठीचं एक अक्षर तिच्या कानावर पडलं नव्हतं, तिथे हे! 'आयला' म्हणणारा माणूस महाराष्ट्रातलाच असणार. आणि साध्या स्लिपरला 'जँडल' म्हणणारा? तो तर न्यूझीलंडचाच.

तिनं वळून पाहिलं. दोन्ही बाजूंना मिठागरं पसरली होती. चौकोनी वाफ्यांत समुद्राचं पाणी आरशासारखं पडलं होतं आणि एका वाफ्याच्या कडेला, चिखलात, एक उंच तरुण बगळ्यासारखा एका पायावर उभा होता.

"ओढू नका," ती मराठीत म्हणाली. "आधी पाय काढा. जँडल मग हातानं काढा."

त्यानं इतक्या झटकन मान वळवली की तोल गेला. तो सरळ चिखलात बसला. पण चेहऱ्यावर हसू मात्र असं, की जणू त्याला कोणी पाटावरच बसवलंय.

"तुम्ही... मराठी?"

"हेन्डरसनची मराठी."

"हेन्डरसन? ऑकलंडचं?"

"मग काय चिखलदऱ्याचं?"

"मी हॅमिल्टनचा!" तो बसल्या जागेवरून म्हणाला. "तिथल्या 'ते रापा' भागात दुधाची फॅक्टरी आहे ना, तिथे इंजिनीअर. दुधाची पावडर करतो. म्हणजे दूध वाळवतो. म्हणून म्हटलं, इथे समुद्र कसा वाळवतात ते जरा जवळून बघावं..."

"बघितलंत की. अगदी जवळून."

आणि मग तिला हसू आवरेना. सायकल टेकवून ती बांधावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. कितीतरी महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

खरं तर ही सहल दोघींची होती. तिची मैत्रीण सलोनी नेटबॉल खेळताना पाय मोडून बसली आणि आई, सुजाताबाई, म्हणाल्या, "एकटी कुठे जातेस?" पण बाबा म्हणाले, "जाऊ दे तिला. जरा वारं लागू दे." ऑकलंडच्या पेनरोज भागातल्या गोदामात ट्रक कुठे, केव्हा जाणार याची आखणी करता करता धम्मदीना दमली होती, हे खरं. पण बाबांना वेगळंच म्हणायचं होतं. गेल्या वर्षी नितीश नावाचा एक मुलगा तिच्या आयुष्यात आला होता. ऑकलंडमधलाच. आठेक महिने सगळं छान चाललं आणि मग त्याच्या घरी कळलं की धम्मदीना गजभिये म्हणजे नागपूरच्या बौद्धांची मुलगी. त्यानंतर नितीशचे फोन हळूहळू कमी होत गेले... आणि एक दिवस थांबले. भांडणसुद्धा झालं नाही. तेच तिला जास्त लागलं होतं.

म्हणून त्या दुपारी नदीकाठच्या टपरीवर, उसाच्या रसाचे ग्लास समोर आल्या आल्या, तिनं स्वतःहून सांगून टाकलं.

"धम्मदीना गजभिये."

आणि ती त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिली. तिथे काय हलतं, ते बघायची तिला सवयच लागली होती.

"क्षितिज सहस्रबुद्धे," तो म्हणाला.

"हजार? आम्हाला एकच पुरतो."

 सहस्र बुद्ध! त्याला समजलं आणि रस नाकात गेला. टपरीवाली मावशी पाठीवर थापटायला धावली.

काम्पोत हे गाव असं, की तिथे घाई कोणालाच नाही. फ्रेंचांच्या काळातली पिवळी घरं, सावलीत डुलक्या घेणारे रिक्षावाले, चौकात ड्युरियन फळाचा अवाढव्य पुतळा. धम्मदीनाला दुसऱ्या दिवशी सकाळी पुतळ्याखाली क्षितिज दिसला. पायात नवे बूट, हातात दोन हेल्मेटं.

"स्कूटर घेतलीय. मिरीचे मळे बघायला चाललोय," तो म्हणाला. "मागची सीट रिकामी आहे. म्हणजे... उगाच वाया जाईल."

"सीट वाया जाईल म्हणून मी यायचं?"

"किवी माणूस काही वाया घालवत नाही."

ती गेली. लाल मातीचा रस्ता, दोन्हीकडे ताडाची झाडं, म्हशींवर बसलेले बगळे... आणि "हॅलोss" म्हणत दूरपर्यंत धावत येणारी पोरं. मळ्यात विटांच्या खांबांवर मिरीच्या वेली चढल्या होत्या. क्षितिजनं हिरवा घोसच्या घोस तोंडात टाकला आणि लालबुंद होऊन तिच्या पाण्याची बाटली संपवली. परतताना सरी आल्या. दोघं एका घराखाली थांबली, कारण तिथली घरं उंच खांबांवर असतात आणि खाली कोणीही थांबलं तरी चालतं. घरातल्या बाईनं काही न विचारता उकडलेली कणसं पुढे केली. पागोळ्यांचं पाणी त्याच्या खांद्यावर पडत होतं, पण तो सरकेना. कारण सरकला असता तर तिच्या अंगावर पडलं असतं.

ते तिनं पाहिलं.  'तुम्ही'चं 'तू' केव्हा झालं, ते मात्र दोघांनाही कळलं नाही.

गावाजवळच्या विहारात ती एकटीच आत गेली. क्षितिज दारात थांबला. पांढरं नेसलेल्या, केस भादरलेल्या एक आजी मूर्तीपुढे बसल्या होत्या. धम्मदीनानं वंदन केलं आणि लहानपणापासून रविवारी सकाळी म्हणत आलेलं पाली भाषेतलं त्रिसरण हलक्या आवाजात म्हणू लागली. आजींनी चमकून पाहिलं... आणि मग त्याही म्हणू लागल्या. शब्द तेच. उच्चार वेगळे, चाल वेगळी, पण शब्द तेच! एकमेकींच्या भाषेतला एक शब्दही न येणाऱ्या दोघी शेवटपर्यंत एका लयीत म्हणत राहिल्या. संपल्यावर आजींनी तिचे दोन्ही गाल सुरकुतल्या हातांत धरले आणि काहीतरी पुटपुटल्या.

बाहेर आली तेव्हा धम्मदीनाचे डोळे भरले होते.  स्कूटरपाशी पोचल्यावर क्षितिज म्हणाला,

"तुझ्या नावाचा अर्थ काय गं?"

"धम्मदीना म्हणून एक भिक्खुणी होऊन गेल्या. फार विद्वान. त्यांच्या नवऱ्यानं त्यांना प्रश्न विचारले आणि त्यांनी त्याला धम्म समजावून सांगितला."

"म्हणजे नवऱ्यालाही शिकवलं?"

"हो. आणि त्यानं ऐकलं."

"मीसुद्धा बऱ्यापैकी ऐकतो," तो अगदी सहज म्हणाला. मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन कानापर्यंत लाल झाला. धम्मदीना स्कूटरच्या आरशात स्वतःची बट नीट करत राहिली. बट आधीपासूनच नीट होती.

आणि त्याच संध्याकाळी सगळं बिनसलं.

नदीकाठी दोघं खेकड्यांची थाळी मागवून बसली होती. पलीकडे बोकोर डोंगरावर ढग उतरत होते. क्षितिजचा फोन वाजला. पुण्याहून आई, व्हिडिओ कॉलवर. त्यानं फोन उचलला आणि बोलता बोलता तो किंचित वळवला. धम्मदीना चौकटीबाहेर गेली.

"कोणाबरोबर आहेस रे?" आईचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"ग्रुप आहे गं एक... त्यांच्याबरोबर फिरतोय."

फोन ठेवला तेव्हा धम्मदीनानं हात पुसले होते.

"मी ग्रुप आहे?"

"अगं, तसं नाही... आईला एकदम सांगितलं तर ती—"

"ती काय?"

त्यानं फोन टेबलावर पालथा घातला.

"मला माहितीये ती काय," धम्मदीना शांतपणे म्हणाली. "क्षितिज, तुझी आई काय म्हणेल याची मला भीती नाही. माणूस फोन वळवतो ना, त्याची वाटते."

ती उठून चालू लागली. तो हाक मारेल असं तिला वाटलं. त्यानं मारली नाही. आणि रस्ताभर तिला त्याचाच राग येत राहिला.

सकाळी आभाळ भरून आलं होतं. एप्रिलमध्ये एवढा मोठा पाऊस तिथे येत नाही, म्हणून मिठागरात मिठाचे ढीग तसेच उघड्यावर होते. एकटीच सायकल दामटत निघालेली धम्मदीना बांधापाशी पोचली, तर तिथे एकच धांदल. बाया, म्हातारे, शाळकरी मुली, सगळे टोपल्या भरत होते, कावडी खांद्यावर टाकून लाकडी कोठाराकडे पळत होते. पाऊस आला की महिन्याभराची मेहनत पाण्यात विरघळणार! हे समजायला ख्मेर भाषा यायची गरज नव्हती.

तिनं सायकल टाकली आणि एक टोपली उचलली.

मीठ जड असतं. ओलं मीठ तर फारच. दोनचार खेपांतच तिचे तळहात सोलवटले आणि त्यात मीठ जाऊन असा जाळ उठला की तिनं ओठ चावला. तेवढ्यात कोणीतरी टोपलीची दुसरी कडा धरली.

क्षितिज होता. गुडघ्यापर्यंत चिखल, शर्टावर मिठाचे पांढरे डाग. म्हणजे तिच्याही आधीपासून तो इथे होता.

"तुला शोधायला आलो होतो," तो धापा टाकत म्हणाला. "धम्मदीना, काल मी—"

"आधी मीठ."

"हो."

आणि मग बोलणं नाहीच. भरायचं, उचलायचं, पळायचं. पहिले टपोरे थेंब पडले तेव्हा अर्धे ढीग कोठारात होते. धो धो कोसळायला लागला तेव्हा बाकी होते थोडेच, आणि ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाणी होऊन गेले. एक बाई खाली बसली. मग कोणीतरी काहीतरी बोललं आणि तीच बाई हसायला लागली. बरंचसं वाचलं होतं.

कोठाराच्या दारात बसून सगळ्यांनी भात आणि सुकी मासळी खाल्ली. क्षितिजनं आपल्या बाटलीतलं पाणी तिच्या तळहातांवर हळूहळू ओतलं. तिचं बोट न् बोट तो असं धूत होता, जणू जरा जोरात धरलं तर तुटेल.

"मी आत्ता आईला फोन लावतो," तो म्हणाला. "इथूनच. तुझ्यासमोर."

"नको."

"का?"

"इथे सगळं सोपं वाटतं, क्षितिज. इथे आपल्याला कोणी ओळखत नाही. हॅमिल्टनला जा. कामावर जा. पुन्हा तेच रोजचं सुरू होऊ दे. आणि तेव्हाही आईशी बोलावंसं वाटलं... तर बोल."

"आणि तोवर?"

"तोवर मी फोन करणार नाही. तूही करू नकोस."

"हे फार कठीण आहे."

"मलाही आहे," ती म्हणाली आणि तिनं हात काढून घेतले.

ऑकलंडला परतल्यावर थंडी सुरू झाली. पेनरोजचे ट्रक, मोटरवेचा ट्रॅफिक, घरी आल्यावर हीटरसमोर बसणं. धम्मदीनानं सलोनीला सगळं सांगितलं. आईनं न सांगता ओळखलं. बाबा फक्त रोज विचारत, "बरी आहेस ना?" आणि ती किवी थाटात म्हणे, "स्वीट ॲज, बाबा. एकदम मस्त." फोन वाजला की ती हातातलं टाकून धावायची. बहुतेक वेळा डेंटिस्टकडची आठवण असायची.

मे उलटला. तिनं मनाला समजावलं होतं. जवळजवळ.

एका रविवारी, भुरभुर पावसात, दारावरची बेल वाजली. बाबांनी दार उघडलं.

"नमस्कार. मी क्षितिज सहस्रबुद्धे. हॅमिल्टनहून आलोय. आधी फोन करणार होतो, पण... मला परवानगी नव्हती."

स्वयंपाकघरात धम्मदीनाची पोळी तव्यावर करपली.

बाबांनी त्याला बसवलं. यादवराव गजभिये आयुष्यभर हिशेबी बोललेले गृहस्थ. त्यांनी आधी प्रवासाची चौकशी केली, मग पाणी दिलं आणि मग विचारलं, "घरी बोललात?"

"बोललो. इथे आल्याच्या आठवड्यातच. वडील म्हणाले, तुझं तू बघ. आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. मी रोज फोन करतो, ती बाबांकडे देते." त्यानं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "वाटलं होतं, ती हो म्हणाली की मगच इथे येईन. मग वाटलं, हे पुन्हा लपणंच झालं. म्हणून आलो."

"आणि तुमच्या आई लग्नाला आल्याच नाहीत तर?"

"तर मला फार वाईट वाटेल, काका. पण लग्न होईल."

 बाबा आत वळून म्हणाले, "सुजाता, एक पान जास्त घे."

जेवताना सुजाताबाईंनी त्याला सावजीचा रस्सा वाढला. क्षितिज घामाघूम झाला, नाक ओढत राहिला, पण त्यानं दुसऱ्यांदा मागून घेतला. धम्मदीना समोर बसून आपल्या पानात बघत राहिली. तिच्याकडे बघायचं धाडस त्यालाही झालं नाही.

निघताना ती त्याला गाडीपर्यंत सोडायला गेली. भुरभुर चालूच होती. छत्री घ्यायचं दोघांनाही सुचलं नव्हतं.

"फारच छान बोललास आत," ती म्हणाली.

"खरंच?"

"लग्न होईल म्हणालास."

"हो."

"बाबांना सांगितलंस. आईनं ऐकलं. बहुधा शेजारच्या कल्याणीकाकूंनीही ऐकलं असेल." तिनं हाताची घडी घातली. "मला कोणी विचारलं?"

 क्षितिजच्या केसांतून पाणी ओघळून नाकाच्या शेंड्यावर लोंबत होतं.

"मी... रस्ताभर पाठ करत होतो," तो म्हणाला. "हॅमिल्टन सोडल्यापासून. खूप मोठं होतं. आता काही आठवत नाही."

"मग जेवढं आठवतं तेवढं."

त्यानं गाडीची किल्ली खिशात टाकली. रिकामे झालेले दोन्ही हात पुढे केले.

"धम्मदीना, माझ्याशी लग्न करशील?"

खिडकीतला पडदा किंचित हलला. आत कोणीतरी कोणाला तरी "अहो, मागे व्हा ना!" असं दटावलं.

"करीन," ती म्हणाली, आणि त्याच्या गार पडलेल्या हातांत तिनं आपले हात दिले.